पावसाची काच आणि संशोधनाचा प्रश्न

मागच्या जुलैतली गोष्ट. पुण्याहून ताम्हिणी घाटातून माणगावला जायचं होतं. निघायला संध्याकाळ झाली. वाटेत एका दुकानातून मी काचेवर पाणी ठरू न देणाऱ्या क्लीनरची बाटली घेतली, धुळकट काचेवरच फवारली, फडक्याने पुसली आणि निघाले. घाटात अंधार पडला, पाऊस सुरू झाला, समोरून एक ट्रक आला आणि त्याच्या दिव्यांत माझी सगळी काच दुधासारखी पांढरी झाली. दोन-तीन सेकंद रस्ता दिसलाच नाही. पुढची जागा सापडेपर्यंत अंदाजाने गाडी नेली आणि कडेला थांबले. हात थरथरत होते.

मामांना फोन केला. त्यांनी वीस-बावीस वर्षं ट्रक चालवला आहे. ते म्हणाले, "अगं, बाटल्या कशाला आणतेस? वायपर बंद पडला की आम्ही ओली तंबाखू चोळायचो काचेला. एकदम साफ दिसायचं."

घरी आल्यावर या वाक्याने माझी पाठ सोडली नाही. माझी बाटली पाण्याचे थेंब करते आणि ते पळवून लावते. तंबाखू नेमकं काय करते? दोन्ही उपाय एकच असतील, की एकमेकांच्या उलट? आणि उलट असतील, तर दोन्ही "चालतात" असं लोक कसं म्हणतात?

संशोधनाची तयारी करणाऱ्या तुमच्यासारख्या अनेकांचा एक प्रश्न असतो: "विषय कुठून आणायचा?" विषय आणावा लागत नाही. दोन विधानं एकमेकांशी जुळत नाहीत, तिथे थांबायचं असतं. हा लेख त्या थांबण्यातून झालेला आहे.

आधी पुसण्याची गोष्ट

पावसाच्या काचेचा इतिहास शोधायला गेलात तर पहिलं नाव मिळतं मेरी अँडरसन यांचं. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात राहणाऱ्या या बाईंना १० नोव्हेंबर १९०३ रोजी काच पुसण्याच्या साधनाचं पेटंट मिळालं. आत बसून हँडल फिरवायचं, की बाहेरचा रबर लावलेला दांडा काचेवरून फिरतो. बहुतेक ठिकाणी तुम्हाला वाचायला मिळेल: "मेरी अँडरसन यांनी मोटारीचा वायपर शोधला."

आता मूळ पेटंट उघडा. त्यात 'कार' हा शब्द आहे खरा, पण तो विजेवर चालणाऱ्या ट्रामच्या डब्यासाठी आहे. न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात ट्राम चालवणाऱ्याला काचेवरच्या बर्फामुळे समोरचं दिसत नाही, हे पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असं सांगितलं जातं. आजच्या अर्थाची मोटार १९०३ मध्ये फार थोड्या लोकांकडे होती आणि अनेक मोटारींना पुढची काचही नव्हती. शब्द तोच राहिला, त्यामागची वस्तू बदलली. मूळ कागद न उघडता लिहिलं तर आपण आपलं आजचं जग मागे नेऊन चिकटवतो.

दुसरा सापळा 'पहिला' या शब्दाचा. काच पुसण्याचे प्रयत्न त्याच सुमारास इतरांनीही केले होते. अँडरसन यांना या पेटंटमधून पैसा मिळाला नाही. मोटारींचा धंदा खूप वाढला होता तोवर पेटंटची मुदत संपली होती. त्यामुळे "पहिलं कोण?" यापेक्षा "त्या वेळी ही वस्तू कुणाला नको होती, आणि का?" हा प्रश्न जास्त देतो.

थेंब उभा का राहतो

वायपर पाणी बाजूला सारतो. पण पाणी काचेला चिकटतंच का, हा प्रश्न त्याहून जुना आहे. १८०५ मध्ये थॉमस यंग या इंग्रज वैद्याने द्रवांच्या चिकटण्याबद्दल एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्याने सांगितलं, की एखादा द्रव एखाद्या घन पृष्ठभागाला ठरावीक कोनातच भेटतो. याला आपण 'स्पर्शकोन' म्हणतो. कोन शून्याजवळ असेल तर पाणी पसरतं. ९० अंशांच्या वर गेला तर थेंब गोळा होऊन उभा राहतो. अगदी स्वच्छ काचेवर हा कोन फार लहान असतो, म्हणजे स्वच्छ काचेला पाणी आवडतं.

पाठ्यपुस्तकात 'यंगचं समीकरण' म्हणून जे छापतात, ते त्या निबंधात चिन्हांत कुठेही लिहिलेलं नाही. यंगने सगळं शब्दांत मांडलं होतं, समीकरणाचं रूप नंतरच्यांनी दिलं. हे मलाही मूळ निबंध वाचेपर्यंत माहीत नव्हतं.

यापुढचा टप्पा एका स्वयंपाकघरात घडला. अ‍ॅग्नेस पॉकेल्स जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात आईवडिलांची सेवा करत घर सांभाळायच्या. त्या काळी तिथे मुलींना विद्यापीठाची दारं बंद होती. भांडी घासताना तेलकट पाण्याचा पृष्ठभाग वेगळा वागतो हे त्यांच्या लक्षात आलं. पत्र्याच्या पसरट भांड्यात पाणी घेऊन, त्यावर पट्टी सरकवून त्यांनी पृष्ठताण मोजण्याची पद्धत बसवली. जानेवारी १८९१ मध्ये त्यांनी हे सगळं इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांना जर्मनमध्ये पत्राने कळवलं. रॅले यांच्या पत्नीने भाषांतर केलं आणि रॅले यांच्या शिफारशीने ते पत्र त्याच वर्षी 'नेचर'मध्ये छापून आलं.

पॉकेल्स यांच्या कामाचं सार असं, की अगदी थोडीशी घाणही पाण्याचा पृष्ठभाग बदलून टाकते. हे वाचलं तेव्हा मला ताम्हिणीतली माझी धुळकट काच आठवली.

काचेला चिकटलेलं रसायन

आपल्या बाटलीतला मुख्य घटक बहुतेक वेळा सिलिकॉनच्या कुळातला असतो. १९४० च्या सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत विंटन पॅटनोड यांच्या लक्षात आलं, की मिथाइल क्लोरोसिलेनच्या वाफेत कागद, कापूस किंवा काच धरली की तिच्यावर पाणी ठरत नाही. १९४२ मध्ये त्यांना याचं पेटंट मिळालं.

यामागचं कारण समजायला सोपं आहे. काचेच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात आणि पाणी त्यांनाच धरून बसतं. सिलेन त्या जोड्यांशी अभिक्रिया करून तिथे बंध तयार करतं आणि बाहेरच्या बाजूला मिथाइल गट राहतात. ते पाण्याला धरत नाहीत. म्हणजे काच तीच, पण तिच्यावरचं अस्तर बदललं. हे अस्तर काही रेणूंइतकंच जाड असतं, म्हणून ते पारदर्शक राहतं.

पण क्लोरोसिलेनची वाफ घेऊन कुणी गाडीजवळ उभं राहणार नाही. त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल निघतं. सामान्य माणसाने फडक्याने लावावं असं रूप यायला आणखी तीस वर्षं लागली. १९७१ मध्ये हॉवर्ड ओलहाउझेन यांना एका मिश्रणाचं पेटंट मिळालं. त्यात सिलोक्सेन, अल्कोहोल आणि थोडं खनिज आम्ल होतं. त्यानंतर लगेच 'रेन-एक्स' हे नाव बाजारात आलं. प्रयोगशाळेतला शोध आणि दुकानातली बाटली यांच्यातली ही तीस वर्षं इतिहासाच्या पुस्तकांत एका ओळीत संपतात. खरं काम मात्र तिथेच झालेलं असतं.

विमानांच्या काचेची गोष्ट इथे थोडक्यात सांगते. जेट विमानांत पायलटने बटण दाबलं की काचेवर पाणी पळवणारं द्रव फवारलं जाईल अशी सोय होती. त्या द्रवात सीएफसी कुळातलं द्रावक असायचं. ओझोनच्या थरासाठी १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि ही पद्धत मागे पडली. काही लेपांमधल्या फ्लोरिनच्या संयुगांवरही असाच प्रश्न आला. त्यांच्यातलं पीएफओए २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत गेलं. पाणी चिकटू नये म्हणून वापरलेली ही रसायनं स्वतः मात्र निसर्गात चिकटून राहतात.

अळू आणि आरसा

'अळवावरचं पाणी' हे आपण लहानपणापासून म्हणतो. पण अळवाच्या पानावरून पाणी का घरंगळतं, याचं नीट उत्तर बरंच उशिरा आलं. १९९७ मध्ये बार्थलॉट आणि नाइनहाउस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाखवलं, की कमळ आणि अळू यांच्या पानांवर मेणाचे अतिसूक्ष्म उंचवटे असतात. थेंब त्या टोकांवर तरंगतो आणि घरंगळताना धूळही घेऊन जातो. नुसतं मेण असतं तर स्पर्शकोन साधारण १२० अंशांच्या पुढे जात नाही. खडबडीतपणामुळे तो १५० च्या वर जातो. गाडीची काच मात्र खडबडीत करता येत नाही, कारण मग तिच्यातून नीट दिसणार नाही आणि वायपर ते उंचवटे झिजवून टाकेल. त्यामुळे बाटलीवर कमळाचं चित्र असलं तरी आत कमळ नसतं.

गंमत म्हणजे त्याच १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी 'नेचर'मध्ये नेमकं उलट उत्तर दिलं. टायटॅनियम डायऑक्साइडच्या पातळ थरावर अतिनील प्रकाश पडला की त्याचा स्पर्शकोन शून्याजवळ येतो. पाणी थेंब न होता सपाट पसरतं, आणि सपाट पाण्यातून स्वच्छ दिसतं. गाड्यांच्या बाजूच्या आरशांवर ही युक्ती वापरली गेली.

इथे मला मामांची तंबाखू कळली. घरी एका काचेचे तीन भाग केले. एक साबणाने धुतला, एकावर क्लीनर लावला, एकावर ओली तंबाखू चोळली. ड्रॉपरने प्रत्येकावर थेंब सोडला. क्लीनरवर थेंब गोळा झाला. तंबाखूवर तो पसरला. म्हणजे मामांचा उपाय त्या आरशाच्या जातीचा आहे. पाणी घालवायचं नाही, त्याला सपाट करायचं. आपल्याला त्रास पाण्याचा नसतोच, उजेड विखुरणाऱ्या थेंबांचा असतो.

तंबाखूचं पेटंट मला कुठे मिळालं नाही. ती आहे मामांच्या आणि त्यांच्यासारख्यांच्या तोंडी. मी फक्त पेटंटांवरून हा इतिहास लिहिला असता तर अर्धं उत्तर त्यात आलंच नसतं, आणि मला ते चुकल्याचं कळलंही नसतं. तुमच्या विषयातही अशी माणसं असतील. त्यांच्या मुलाखती घ्या, तारीख-वेळ नोंदवा, आणि मग त्यांचं म्हणणंही तपासा. ऐकून घेतलं म्हणजे ते सिद्ध झालं असं नाही.

मग बाटली कोणती?

हे विचारल्याशिवाय तुम्ही सोडणार नाही, म्हणून सांगते. आधी स्वतःला विचारा: काच कोणती, आणि गाडी किती वेगाने चालते?

थेंब काचेवरून उडून जायला वारा लागतो, साधारण ताशी ६० किलोमीटरच्या आसपासचा. महामार्गावर हे क्लीनर छान चालतात. घाटात किंवा शहरात गाडी रांगत असेल तर थेंब जागेवर बसतात आणि समोरच्या दिव्यात चमकतात. तिथे चांगला वायपर बाटलीपेक्षा मोलाचा. बाजूच्या काचा आणि आरसे यांना वायपर नसतो, तिथे लेपाचा उपयोग होतो. आतल्या बाजूला मात्र हे लावू नका. पावसाळ्यात आतून धुकं धरतं आणि पाणी पळवणाऱ्या लेपावर त्याचे बारीक थेंब होतात. तिथे पाणी पसरवणाराच उपाय हवा.

साफसफाई आणि लेप एकत्र देणारे क्लीनर सोपे असतात, पण त्यांचा थर पातळ आणि अल्पायुषी. वेगळा लेप जास्त टिकतो, पण तयारी मागतो. काच आधी इतकी धुवायची, की ओतलेलं पाणी न तुटता एकसंध पसरलं पाहिजे. कुठे पाणी फाटलं तर तिथे तेल आहे. मग काच कोरडी करायची, लेप लावायचा, आणि धुरकट झाल्यावर तो पूर्ण पुसून काढायचा. मी यातलं काहीच केलं नव्हतं. धूळ, तेल आणि क्लीनर यांचा मिळून एक थर झाला आणि ट्रकच्या उजेडात तोच पांढरा दिसला. पॉकेल्सबाईंनी हे १८९१ मध्येच सांगून ठेवलं होतं.

आता तुमच्यासाठी काम. घरातली रोजच्या वापरातली एक वस्तू घ्या. तिच्याबद्दल "अमुकने शोधली" असं सांगणारं एक वाक्य शोधा, त्यामागचा मूळ कागद उघडा, आणि ती वस्तू वीस वर्षं वापरलेल्या एका माणसाशी बोला. तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळल्या नाहीत, तर तुमचा प्रश्न तिथेच आहे. जुळल्या, तर दुसरी वस्तू घ्या.