सहा अक्षरं आणि सातवं



आपल्या घरांत भेंड्या होत्या, कोडी होती, कधी श्लोकांच्या भेंड्या. आज लिहिते आहे ती इंग्रजी शब्दांच्या खेळाबद्दल, म्हणजे स्क्रॅबलबद्दल. घरात मराठी, बाजारात गुजराती आणि ऑफिसात इंग्रजी अशी आपली तऱ्हा. म्हणून या खेळाचा इतिहास आपल्याला जरा जास्तच जवळचा वाटेल.

1931 साली अमेरिकेत मंदी होती. न्यूयॉर्कमधले आर्किटेक्ट आल्फ्रेड बट्स यांची नोकरी गेली. रिकाम्या वेळात त्यांनी एक खेळ काढायचं ठरवलं, ज्यात नशीबही असेल आणि डोकंही. कोणतं अक्षर किती वेळा लागतं हे ठरवायला ते वर्तमानपत्रं घेऊन बसले आणि अक्षरं मोजू लागले. शंभर वर्षांपूर्वी तारेची लिपी बनवताना हाच प्रश्न आला होता. तेव्हा मोर्स यांचे सहकारी आल्फ्रेड वेल यांनी छापखान्यातले खिळे मोजले, असं सांगतात. ई सगळ्यांत जास्त लागतो, म्हणून त्याला नुसता एक टिंब. ज्यांच्या घरात कुणी रेल्वेत तारबाबू होतं, त्यांना हे ठाऊक असेल.

बट्स यांच्या मोजणीतून जे निघालं ते आजही डब्यात आहे. एकूण 100 सोंगट्या. त्यात ई 12, ए आणि आय नऊ-नऊ, क्यू आणि झेड एकेकच, पण त्यांना दहा-दहा गुण. एस मात्र मुद्दाम चारच ठेवले, नाहीतर जो तो अनेकवचन करून मोकळा झाला असता! गंमत म्हणजे हे गृहस्थ स्वतः स्पेलिंगमध्ये कच्चे होते.

खेळण्यांच्या मोठ्या कंपन्यांनी त्यांना परत पाठवलं. 1948 मध्ये जेम्स ब्रुनो यांनी हक्क घेतले आणि स्क्रॅबल हे नाव दिलं. 1949 मध्ये जेमतेम 2,400 डबे निघाले आणि वर 450 डॉलर तोटा झाला. तीन-चार वर्षांत मात्र मागणी इतकी वाढली की डबे पुरेनात.

हातातली सातही अक्षरं एका डावात लावली की 50 गुण जास्त मिळतात. त्यामुळे मुरलेले खेळाडू सुटे शब्द पाठ करत बसत नाहीत. ते सहा अक्षरांचा एक जम धरतात आणि सातव्याची वाट बघतात. उदाहरणार्थ आर, ई, टी, ए, आय, एन. यांचा ‘रिटेन’ होतो, ‘रेटिना’ही होतो. आता जी आला तर ‘ग्रॅनाइट’. पी आला तर ‘पेंटर’. सी आला तर ‘सर्टन’. डी आला तर ‘ट्रेन्ड’. एम आला तर ‘मिनरेट’, म्हणजे मिनार. अक्षरं तीच, एकच पाहुणा नवा, आणि दर वेळी सगळं घर नव्यानं मांडायचं.

वडोदऱ्याला आमच्याकडे हा डबा अमेरिकेहून आलेल्या आतेभावानं आणला, सत्तरच्या दशकात. आजोबा मॅट्रिक, इंग्रजी वर्तमानपत्र रोज वाचणारे, पण बोर्डावर सगळ्यांत जास्त जिंकायच्या त्या काकू. त्या मराठी माध्यमातून सातवी झालेल्या. इंग्रजी बोलायची वेळ आली की पदर सावरून आत जायच्या. पण दुपारी कामं उरकल्यावर डिक्शनरीची पानं चाळायच्या. अर्थ बघायच्या नाहीत, नुसती अक्षरांची रांग बघायच्या. आजोबा चिडून विचारायचे, “सूनबाई, याचा अर्थ काय?” काकू शांतपणे म्हणायच्या, “मामंजी, अर्थ तुम्ही बघा, शब्द पुस्तकात आहे.”

आम्हाला तेव्हा ते हसू यायचं. पण 2007 ची जागतिक स्पर्धा आपल्या मुंबईत झाली, ती जिंकली न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यांनी. त्याच रिचर्ड्स यांनी 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचं जागतिक विजेतेपद मिळवलं, आणि त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हतं! काही आठवडे शब्दकोश डोळ्यांखालून घातला होता, एवढंच. 2024 मध्ये स्पॅनिशमध्येही तेच केलं. काकूंची रीत जगात कुणीतरी अगदी टोकाला नेली होती.

यातून शब्द कळतात, भाषा येतेच असं नाही. काकू शेवटपर्यंत इंग्रजी बोलल्या नाहीत. पण बँकेचा फॉर्म, औषधाची बाटली, नातवाचं प्रगतिपुस्तक, यांना त्या घाबरायच्या थांबल्या. अक्षरांशी ओळख झाली की कागदाची भीती जाते.

आता आपल्याकडे उलटं झालंय. नातवंडं आजीशी छान मराठी बोलतात, पण आजीचं पत्र त्यांना वाचता येत नाही. काकूंचं इंग्रजी हातात होतं, तोंडात नव्हतं. यांचं मराठी तोंडात आहे, हातात नाही.

मराठीत सोंगट्यांचा खेळ तसाच्या तसा जमत नाही, कारण आपलं अक्षर काना-मात्रा आणि जोडाक्षरं घेऊन येतं. पण सहाऐवजी दोनच अक्षरं धरून बघा. ‘हार’ घ्या: आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार, परिहार. ‘कार’ घ्या: आकार, विकार, प्रकार, उपकार, अधिकार, संस्कार. शाळेत आपण उपसर्ग म्हणून घोकले तेच हे. फक्त आता मुलांकडून तोंडानं म्हणवून न घेता कागदावर देवनागरीत लिहून घ्यायचे. जास्त शब्द लिहील त्याला पहिली करंजी.

इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबादच्या मंडळींनी आपापल्या घरच्या शब्दखेळांबद्दल जरूर लिहा. आणि ‘हार’चे सातवे, आठवे शब्द सुचले तर तेही.