नकाशावरचा हिरवा रंग

वसईच्या इतिहासाचा विषय निघाला की आपण सहसा किल्ल्यापाशी थांबतो. १५३४ साली पोर्तुगीजांचा अंमल आला आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. वसईच्या मातीचा अलीकडचा इतिहास मात्र सरकारी नकाशांत आणि हरकतींच्या अर्जांत दडलेला आहे. आपल्या वाड्या राहणार की जाणार, हे त्या नकाशांवरील रंगांवरून ठरत आले आहे.

कोणत्या जमिनीचा कोणता वापर व्हावा हे आराखड्याद्वारे ठरविण्याची व्यवस्था १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने घालून दिली. हरित विभागात शेती, बागायत आणि विरळ बांधकाम चालते. इमारतींच्या वसाहती उभारता येत नाहीत. या बंधनाचा खरा परिणाम जमिनीच्या भावावर होतो. बंधन आहे तोवर भाव शेतकऱ्याच्या आवाक्यात राहतो. ते उठले की बिल्डरचा भाव लागतो, आणि मग केळीची बाग राखणारा माणूस शेजाऱ्यांना अव्यवहारी वाटू लागतो.

पश्चिम वसईत या प्रश्नाला पाण्याची जोड आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. पावसाचे पाणी बावखळांत साठते, जमिनीत मुरते आणि विहिरींतून वर येते. पानवेली, फुलझाडे, भाजीपाला आणि सुकेळीसाठी लागणारी राजेळी केळी यांचा सारा संसार या गोड्या पाण्यावर. उपसा मर्यादेबाहेर गेला की विहिरीत खारे पाणी शिरते. आणि एकदा खारावलेली विहीर सहजासहजी गोडी होत नाही.

१९८८ साली शासनाने वसईच्या हरित पट्ट्याचा मोठा भाग बांधकामास खुला केला. इमारती वाढल्या आणि त्यांची तहान भागविण्यासाठी गावोगावच्या विहिरींचे पाणी टँकरने जाऊ लागले. १९८९ साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. मोर्चे निघाले, प्रकरण न्यायालयातही गेले. १९९० साली सिडकोकडे या परिसराच्या नियोजनाची जबाबदारी आली. तिचा विकास आराखडा २००७ साली मंजूर झाला. पश्चिमेच्या गावांतील बराच भाग त्यात हरित राहिला, तो लोक जागे होते म्हणून. पुढे २००९ साली महानगरपालिका स्थापन झाली. तिच्यात समाविष्ट होण्यास अनेक गावांनी विरोध केला, त्यामागेही हीच धास्ती होती. २०११च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२,२२,३९० भरली.

परंतु न्यायाने बोलायचे तर या रक्षणाची किंमत कोण देतो, हेही पाहिले पाहिजे. नकाशावरील एका रेषेच्या पलीकडचा जमीनमालक लक्षाधीश होतो. अलीकडचा शेतकरी मजुरी, खत आणि बाजारभाव यांच्याशी झगडत राहतो. हिरवाईचा लाभ साऱ्या परिसराला आणि भार मात्र एकट्या बागायतदारावर, अशी स्थिती राहिली तर कोणताही नियम फार काळ तग धरणार नाही. त्याच्या मालाला रास्त भाव आणि त्याच्या विहिरीला संरक्षण मिळणे हा हरित धोरणाचाच भाग मानला पाहिजे.

फादर दिब्रिटो २०२४ साली निवर्तले. तो मंजूर आराखडाही २०२१ सालापर्यंतचाच होता. ज्या कायद्याने हिरवा रंग दिला, त्याच कायद्यात तो बदलण्याची वाटही आहे. मात्र आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागविणे शासनास बंधनकारक आहे. त्यासाठीची मुदत थोड्या दिवसांची असते. म्हणून ती सूचना घरोघरी वाचली जावी, सर्व्हे नंबर नकाशाशी ताडून पाहिले जावेत आणि मुदतीत लेखी हरकत नोंदवली जावी. आधीच्या पिढीने राखलेल्या वाड्यांचे आपण देणे लागतो; ते फेडण्याचा एवढा मार्ग तरी आपल्या हाती आहे.