पगार न घेणारे मॅजिस्ट्रेट: ब्रिटनची न्यायव्यवस्था, खासदारांचे प्रश्न आणि कोर्ट सुधारणांचा वाद

मॅजिस्ट्रेट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कायद्याची पदवी घेतलेला, परीक्षा पास झालेला, सरकारी पगारावरचा न्यायाधीश येतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये मात्र बहुतेक मॅजिस्ट्रेट वकीलही नसतात आणि पगारीही नसतात. शिक्षक, दुकानदार, नर्स, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, घर सांभाळणाऱ्या बाई अशी साधी माणसं ठरलेल्या दिवशी कोर्टात येतात, निकाल देतात आणि घरी जातात. तिथल्या ९० टक्क्यांहून अधिक फौजदारी प्रकरणांचा निकाल याच कोर्टांत लागतो.

कोकणातली अनेक मुस्लिम कुटुंबं आज ब्रिटनमध्ये स्थायिक आहेत. इथल्या घराघरांत कुणाचा मामा, कुणाची लेक, कुणाचा पुतण्या तिकडे आहे. म्हणून ही व्यवस्था नेमकी काय आहे, तिच्याबद्दल तिथले खासदार कोणते प्रश्न विचारतात आणि सुधारणांच्या नावाखाली काय बदलतंय, याची माहिती आम्ही एकत्र देत आहोत.

ही पद्धत आली कुठून?

'जस्टिस ऑफ द पीस' म्हणजे शांतता राखणारा न्यायाधिकारी. १३६१ च्या कायद्याने या पदाला पक्कं रूप मिळालं. सुरुवातीला हे काम जमीनदार आणि प्रतिष्ठित लोकांच्याच हाती होतं. महिलांना हे दार १९१९ च्या अखेरीस उघडलं. आज मॅजिस्ट्रेटांमध्ये महिलांचं प्रमाण निम्म्याहून जास्त आहे.

मुंबईलाही ही पद्धत अनोळखी नाही. १८३० च्या दशकात जगन्नाथ शंकरशेट, जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या हिंदी नागरिकांना 'जस्टिस ऑफ द पीस' नेमलं गेलं. १८६५ च्या कायद्याने तर मुंबई शहराचा कारभारच या जस्टिस मंडळींच्या हाती दिला होता. ब्रिटिश काळातले ऑनररी मॅजिस्ट्रेट हे त्याच झाडाची फांदी. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनंतर ती पद्धत आपल्याकडे संपली.

आज महाराष्ट्रात विशेष कार्यकारी अधिकारी असतात. दाखल्यांवर सही-शिक्का घ्यायला आपण त्यांच्याकडे जातो. पण ते निकाल देत नाहीत, शिक्षा सुनावत नाहीत. तेव्हा "तिकडचा मॅजिस्ट्रेट म्हणजे आपला एसईओ" अशी गल्लत करू नये.

कोर्टात कामकाज कसं चालतं?

साधारणपणे तीन मॅजिस्ट्रेट एकत्र बसतात. मधला अध्यक्ष असतो आणि तोच बोलतो, पण मत तिघांचं सारखं मोजलं जातं. त्यांच्यासोबत एक लीगल ॲडव्हायझर असतो. तो कायदा जाणतो, कलम काय सांगतं ते समजावतो, मात्र आरोपी दोषी आहे की नाही हे तो ठरवत नाही. काही कोर्टांत पगारी डिस्ट्रिक्ट जज एकटे बसतात.

सगळे फौजदारी खटले आधी इथेच येतात. किरकोळ मारहाण, चोरी, वाहनांचे गुन्हे यांसारखी प्रकरणं इथेच निकाली निघतात. खून, बलात्कार यांसारखे गंभीर खटले क्राऊन कोर्टात जातात, जिथे न्यायाधीशासोबत १२ सामान्य नागरिकांची ज्युरी असते. मधल्या दर्जाच्या गुन्ह्यांत खटला कुठे चालवायचा ते ठरवावं लागतं आणि "मला ज्युरीच हवी" असं सांगण्याचा हक्क आरोपीला आजवर होता. आजच्या वादाचं मूळ याच हक्कात आहे.

१० ते १७ वयाच्या मुलांसाठी यूथ कोर्ट आहे. मुलांचा ताबा, मुलांचं संरक्षण अशा कौटुंबिक प्रकरणांतही मॅजिस्ट्रेट बसतात.

खासदार प्रश्न का विचारतात?

ब्रिटिश संसदेत कोणताही खासदार मंत्र्याला लेखी प्रश्न विचारू शकतो आणि खात्याला त्याचं उत्तर द्यावं लागतं. आपल्या विधानसभेतल्या तारांकित-अतारांकित प्रश्नांसारखाच हा प्रकार. मॅजिस्ट्रेट किती उरले, किती जण सोडून गेले, त्यांचं वय काय, अमुक भागातलं कोर्ट बंद झाल्यावर लोक किती लांब जातात, हे असले प्रश्न वरवर रुक्ष वाटतात. पण सरकारला आकडा द्यायला लावणं, हेच विरोधकाचं आणि जागरूक प्रतिनिधीचं हत्यार असतं. आकडा एकदा नोंदीत आला की तो नाकारता येत नाही.

खासदार बॉब नील यांच्या अध्यक्षतेखालील न्याय समितीने २०१६ मध्ये मॅजिस्ट्रेटांच्या भूमिकेवर अहवाल दिला आणि २०१९ मध्ये पुन्हा त्याचा पाठपुरावा केला. भरतीकडे वेळीच लक्ष दिलं नाही, ही टंचाई आधी दिसत होती, असा समितीचा सूर होता. या प्रश्नांमागचे चार मोठे मुद्दे आता बघू.

पहिला प्रश्न: माणसं गेली कुठे?

२०१२ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे २५ हजार मॅजिस्ट्रेट होते. २०२२ पर्यंत ही संख्या साडेबारा हजारांवर आली, म्हणजे दहा वर्षांत निम्मी. कारण सोपं आहे: निवृत्त होणारे जास्त आणि नव्याने घेतलेले कमी. २०२२ मध्ये निवृत्तीचं वय ७० वरून ७५ केलं आणि भरतीची मोठी मोहीम काढली. संख्या थोडी सावरली, २०२४ मध्ये ती साडेचौदा हजारांच्या आसपास होती.

वयाचा प्रश्न मात्र उरलाच. सुमारे पाचपैकी चार मॅजिस्ट्रेट पन्नाशीच्या पुढचे आहेत. वर्षाला किमान १३ दिवस बिनपगारी द्यायचे म्हटल्यावर रोजंदारीवर किंवा टॅक्सी चालवून घर चालवणाऱ्याला हे कसं जमावं? कायद्याने मालकाला सुट्टी द्यावी लागते, पण त्या दिवसाचा पगार देणं बंधनकारक नाही. खर्चाचा भत्ता मिळतो आणि बुडालेल्या कमाईपोटी ठरावीक दराने भत्ता मागता येतो, तेवढंच.

दुसरा प्रश्न: कोर्ट घरापासून किती लांब?

२०१० मध्ये तिथे ३२० च्या आसपास मॅजिस्ट्रेट कोर्टं होती. पुढच्या नऊ-दहा वर्षांत त्यांपैकी जवळपास निम्मी बंद झाली. २०१६ पासून कोर्टं डिजिटल करण्याचा एक अब्ज पौंडांहून मोठा सुधारणा कार्यक्रम हाती घेतला गेला. ऑनलाइन अर्ज, व्हिडिओवरची सुनावणी, 'कॉमन प्लॅटफॉर्म' नावाची एकच संगणक व्यवस्था, असं बरंच काही त्यात होतं. पैसे वाचले, कागद कमी झाले. पण स्थानिक माणसाने स्थानिक भांडणाचा न्याय करायचा, ही या पदामागची मूळ कल्पनाच कोर्ट लांब गेल्यावर सैल पडते. साक्षीदार बस बदलत पोहोचणार आणि मॅजिस्ट्रेटला तो मोहल्ला माहीतच नसणार, मग 'स्थानिक' काय उरलं?

तिसरा प्रश्न: बंद दाराआडचा न्याय

२०१५ पासून 'सिंगल जस्टिस प्रोसिजर' सुरू झाली. यात एकच मॅजिस्ट्रेट लीगल ॲडव्हायझरच्या मदतीने, फक्त कागद बघून निकाल देतो. ना आरोपी समोर, ना उघडं कोर्ट. टीव्ही लायसन्स, वेगमर्यादा, विमा नसलेली गाडी अशा, तुरुंगवास नसलेल्या किरकोळ गुन्ह्यांसाठी ही सोय आहे. काम झपाट्याने उरकतं हे खरं. पण पत्र न मिळालेला, इंग्रजी न समजलेला, आजारी पडलेला माणूस यात कुणाला दिसत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये याचा मोठा दाखला मिळाला. रेल्वे तिकिटांच्या सुमारे ७४ हजार प्रकरणांतल्या शिक्षा चीफ मॅजिस्ट्रेटनी रद्दबातल ठरवल्या, कारण १८८९ च्या रेल्वे कायद्याखालचे ते खटले या पद्धतीने चालवायची परवानगीच नव्हती. वर्षानुवर्षं हजारो कागद पुढे सरकले आणि ते कुणी अडवले नाहीत. "देखरेख कोण करतो?" हा खासदारांचा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

चौथा प्रश्न: अधिकार वाढवायचे, पण विश्वासाचं काय?

क्राऊन कोर्टात तुंबलेल्या खटल्यांची संख्या २०२५ मध्ये ७५ हजारांच्या वर गेली. तो भार हलका करायला मॅजिस्ट्रेटांचे अधिकार वाढवण्याचा मार्ग सरकारने धरला. एका गुन्ह्यासाठी कमाल सहा महिने कैदेची मर्यादा मे २०२२ मध्ये १२ महिने झाली, मार्च २०२३ मध्ये परत सहा आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा १२. अडीच वर्षांत तीनदा बदल!

सर ब्रायन लेव्हसन यांच्या समीक्षेचा पहिला भाग जुलै २०२५ मध्ये आला. काही खटले ज्युरीशिवाय, एक न्यायाधीश आणि दोन मॅजिस्ट्रेट यांच्यासमोर चालवावेत, अशी शिफारस त्यात होती. मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या निकालावर क्राऊन कोर्टात थेट अपील करण्याचा हक्क आटोपता घेऊन त्यासाठी परवानगी लागावी, असंही त्यात सुचवलं होतं. डिसेंबर २०२५ मध्ये न्यायमंत्री डेव्हिड लॅमी यांनी सरकारची योजना मांडली: तीन वर्षांपर्यंतची शिक्षा अपेक्षित असेल असे बरेच खटले ज्युरीविना न्यायाधीशापुढे आणि मॅजिस्ट्रेटांची मर्यादा १८ महिन्यांपर्यंत.

इथे एक जुना कागद आठवावा लागतो. याच लॅमींनी २०१७ मध्ये न्यायव्यवस्थेतल्या वांशिक भेदभावावर अहवाल लिहिला होता. ज्युरीचे निकाल सर्व समाजांना समान वागवतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. मॅजिस्ट्रेट कोर्टात मात्र काही अल्पसंख्याक महिला दोषी ठरण्याचं प्रमाण गोऱ्या महिलांपेक्षा जास्त आढळलं होतं. आता ज्युरीचं काम कमी होणार आणि मॅजिस्ट्रेटांचं वाढणार, तर त्या निष्कर्षाचं काय, हे विचारणं रास्तच आहे.

मुस्लिम समाजासाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये मुस्लिम ६.५ टक्के होते. तुरुंगात मात्र हे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास आहे. यामागे गरिबी, तरुण वय, राहण्याचे भाग अशी अनेक कारणं आहेत, सगळा दोष कोर्टावर टाकता येणार नाही. पण निकाल देणाऱ्या बाकावर समाजाची माणसं किती, हा प्रश्न त्यामुळे टळत नाही.

बाकावर बसायचं असेल तर

कायद्याची पदवी लागत नाही. वय किमान १८ आणि निदान पाच वर्षं काम करायची तयारी हवी. अर्जाआधी कोर्टात जाऊन कामकाज पाहावं लागतं. निवड झाल्यावर प्रशिक्षण मिळतं, अनुभवी मॅजिस्ट्रेट सोबत दिला जातो. शपथ कुरआनवर घेता येते. धार्मिक शपथ नको असेल तर प्रतिज्ञा करता येते.

आरोपी म्हणून पत्र आलं तर

तिकडच्या नातेवाइकांना एवढं जरूर सांगा.

'सिंगल जस्टिस प्रोसिजर नोटीस' आली तर ती बाजूला ठेवू नका. उत्तराला २१ दिवस असतात. गुन्हा मान्य, गुन्हा मान्य पण कोर्टात बोलायचं आहे, किंवा गुन्हा अमान्य, यांपैकी एक निवडता येतं. अमान्य म्हटलं तर सुनावणी उघड्या कोर्टात होते. घर बदललं असेल तर गाडीच्या कागदांवरचा पत्ताही बदला, नाहीतर पत्र जुन्या घरी पडून राहतं आणि निकाल लागून जातो.

कैद होऊ शकेल अशा गुन्ह्यात पहिल्या हजेरीला ड्यूटी सॉलिसिटरची मोफत मदत मागता येते. इंग्रजी नीट येत नसेल तर फौजदारी खटल्यात दुभाषा कोर्ट देतं. त्यासाठी शेजारच्या पोराला घेऊन जायची गरज नाही.

हे सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.

आणि तिथला मतदार म्हणून एक हक्क प्रत्येक कुटुंबाकडे आहे: आपल्या खासदाराला पत्र लिहिण्याचा. जवळचं कोर्ट बंद का झालं, आपल्या भागात मॅजिस्ट्रेट किती, त्यांत अल्पसंख्याक किती, हे त्यांना विचारा. खासदाराचे संसदेतले प्रश्न पुष्कळदा अशाच एखाद्या पत्रातून निघतात.