शेजारचा साचा

वेंगुर्ल्याच्या बंदरांत उतरलेला माल बेळगांवास नेणाऱ्या रस्त्यावरील मुक्कामाचें ठिकाण म्हणून आंबोली नांवारूपास आली. मोटारी येण्यापूर्वीं हा घाट बैलगाड्यांचा होता. चढावर एखाद्याची गाडी अडली तर मागच्या गाडीवानानें आपले बैल सोडून तिला जुंपावेत, ही अशा घाटांतली रीतच होती. त्याचें भाडें कोणी मागत नसे. पुढें सावंतवाडी-रत्नागिरीकडचे लोक आगबोटींनीं मुंबईस जाऊन गिरण्यांत लागले, तेव्हां ही वृत्ति त्यांनीं बरोबर नेली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

गिरणींतील मागाला कामगार साचा म्हणत. सामान्यतः एका विणकऱ्याकडे दोन साचे असत आणि मजुरी निघालेल्या कापडावर मिळे. साचा थांबला कीं कमाई थांबली! म्हणून एखादा भाकर खाण्यास गेला, तर शेजारचा विणकर आपले दोन सांभाळून त्याच्याहि साच्यांवर नजर ठेवी. धागा तुटला तर सांधी, धोट्यांतली कांडी संपली तर बदली. याविषयीं हुकूम नव्हता, मोबदलाहि नव्हता. पण अशा ओळखींतूनच पुढें कोणाला गांवकऱ्यांच्या खोलींत वळकटी टाकण्यापुरती जागा मिळे, कोणासाठीं जॉबरजवळ शब्द टाकला जाई, कोणाच्या आजारपणांत घरीं मनिऑर्डर जाई. मालकांच्या वहींत या मदतीला रकाना नव्हता. कापड मात्र तिच्यामुळेंहि निघत होतें.

मग एका विणकऱ्याकडे तीन साचे देण्याची योजना आली. १९२८ सालीं एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारें दीड लाख कामगार संपावर होते. मजुरी घटण्याची व माणसें कमी होण्याची भीति हीं त्याचीं मोठीं कारणें. परंतु तिसऱ्या साच्यानें आणखी एक गोष्ट हिरावली असती : शेजाऱ्याकडे पाहण्याची सवड.

या शेजारधर्माला कुंपणहि होतें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. धोट्याच्या छिद्रांतून धागा तोंडानें ओढावा लागे; तोच धोटा दुसऱ्याच्या ओठांस लागणार, म्हणून अस्पृश्य गणलेल्या कामगारांस सवर्ण विणकरी साच्यांजवळ येऊं देत नसत. अधिक मजुरीचें काम त्यांना असें बंद झालें. डॉ. आंबेडकरांनीं त्याच १९२८ च्या संपांत हा अन्याय पुढाऱ्यांपुढें मांडला. मागण्यांत त्याचा समावेश झाला, पण मोठ्या नाखुषीनें.