मोटारीचे मेण व सीलंट : टिकाऊपणा आणि जलप्रतिसारकता

मोटारीच्या रंगावर हाताने किंवा यंत्राने चढवायचा, एका मायक्रॉनहूनही बहुधा पातळ असणारा आणि काही काळाने पुन्हा द्यावा लागणारा संरक्षक लेप. कार्नौबा, मधमाश्यांचे मेण, पॅराफिन अशा नैसर्गिक वा खनिज मेणांपासून केलेल्या लेपाला मेण किंवा वॅक्स म्हणतात. सिलिकोन, अ‍ॅक्रिलिक यांसारख्या कृत्रिम बहुवारिकांपासून केलेला तो सीलंट. बाजारात आणि हौशी गाडीमालकांत या दोहोंची तुलना बहुतेक वेळा एकाच खुणेवरून होते : बॉनेटवर पाण्याचे थेंब किती टपोरे आणि गोल उभे राहतात. प्रस्तुत नोंदीचे म्हणणे असे, की थेंबांचा गोलवा ही जलप्रतिसारकतेची अर्धीच खूण आहे आणि टिकाऊपणाची तर फारच दुबळी. लेप खरोखर टिकला का, हे पाहायचे असेल तर गाडी स्वच्छ धुतल्यानंतर पाणी किती सहज निसटते आणि अनेक धुण्यांनंतरही तसेच निसटत राहते का, एवढेच विचारावे लागते.

घटक : कार्नौबा मेण ईशान्य ब्राझीलमधील कोपर्निशिया प्रुनिफेरा या ताडवर्गीय झाडाच्या पानांवर साचते. सेआरा व पियाउई हे त्याचे मुख्य प्रांत. पाने कापून वाळवतात, झोडपतात आणि पडलेली भुकटी वितळवून गाळतात. त्याचा वितळणबिंदू सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअस असून वनस्पतिजन्य मेणांत तो फार वरचा मानला जातो. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांनाच वितळते. मात्र शुद्ध कार्नौबा ठिसूळ असते आणि ते जसेच्या तसे रंगावर पसरवता येत नाही. त्यात खनिज तेलाची द्रावके, तेले व मऊ मेणे मिसळावीच लागतात. म्हणून डबीवर ‘शंभर टक्के कार्नौबा’ असे छापले असले, तरी ते संपूर्ण डबीचे वर्णन असू शकत नाही आणि डबीतील मिश्रण शुद्ध कार्नौबाहून कमी उष्णतेला मऊ पडते. बहुतेक सीलंटांचा पाया सिलिकोन रसायन हा आहे. १९४० मध्ये अमेरिकेत युजीन रॉकाउ यांनी सिलिकोनांचा कच्चा माल थेट सिलिकॉनपासून बनवण्याची पद्धत शोधली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर हे पदार्थ पॉलिशमध्ये आले.

स्पर्शकोन : थेंब पृष्ठभागाला जिथे टेकतो तिथे त्याच्या कडेने केलेला कोन म्हणजे स्पर्शकोन. टॉमस यंग यांनी १८०५ मध्ये त्याचा पृष्ठताणांशी असलेला संबंध मांडला. कोन ९० अंशांहून मोठा असेल तर पृष्ठभाग जलप्रतिसारक समजतात. पाण्याचा पृष्ठताण २० अंश सेल्सिअसला मीटरला सुमारे ७३ मिलिन्यूटन, म्हणजे नेहमीच्या द्रवांच्या मानाने पुष्कळ. त्यामुळे कमी ऊर्जेच्या पृष्ठभागावर पाणी पसरत नाही, स्वतःला गोळा करून घेते. आता मुद्द्याचा पुरावा असा : गुळगुळीत पॅराफिनवर हा कोन १०५ ते ११० अंशांच्या आसपास असतो आणि सिलिकोनवरही जवळपास तेवढाच. फ्लोरिनयुक्त पृष्ठभाग कितीही दाट रचला, तरी गुळगुळीत असेपर्यंत कोन १२० अंशांच्या फार पुढे जात नाही. १५० अंशांपलीकडे जायचे तर रसायन पुरत नाही, खडबडीतपणा लागतो. त्याचे गणित व्हेन्झेल यांनी १९३६ मध्ये आणि कॅसी व बॅक्स्टर यांनी १९४४ मध्ये मांडले. अळूच्या पानावर पाणी ठरत नाही ते पानावरच्या सूक्ष्म उंचवट्यांमुळे व त्यांवरील मेणाच्या कणांमुळे. वनस्पतींमधील ही रचना बार्थलॉट व नाइनह्यूस यांनी १९९७ मध्ये सविस्तर दाखवली. मोटारीचा रंग चकाकावा म्हणून आपण तो घासून गुळगुळीत करतो. त्यामुळे अळूच्या पानाचा गुण चकचकीत बॉनेटकडून मागताच येत नाही. तात्पर्य, ताजे मेण आणि ताजे सीलंट यांच्या स्पर्शकोनांत म्हणण्यासारखे अंतर नसते, आणि पहिल्या दिवशीच्या थेंबांच्या छायाचित्रांवरून एकाला श्रेष्ठ ठरवणे निराधार आहे.

फरक पडतो तो दुसऱ्याच राशीत. उतारावरच्या थेंबाला दोन कोन असतात : पुढे सरकणाऱ्या कडेचा मोठा आणि मागे ओढल्या जाणाऱ्या कडेचा लहान. या दोहोंत जितके अंतर अधिक, तितका थेंब पृष्ठभागाला जास्त चिकटून राहतो. फर्मिज यांच्या १९६२ च्या सूत्रानुसार थेंबाला धरून ठेवणारे बल मागच्या व पुढच्या कोनांच्या कोटिज्यांतील फरकाच्या प्रमाणात असते. उदाहरणादाखल दोन पृष्ठभाग घेऊ. दोहोंवर पुढचा कोन १०५ अंश आहे. मागचा कोन एकावर ९५, तर दुसऱ्यावर ६० अंश. सपाटीवर थेंब हळूच सोडला तर दोन्हीकडे तो सारखाच टपोरा दिसेल. पण थेंबाची रुंदी तीच धरली, तर दुसऱ्या पृष्ठभागावर त्याला धरून ठेवणारे बल पहिल्याच्या चौपटीहून अधिक भरते. पहिल्या गाडीवरून पाणी निघून जाईल. दुसरीवर देखणे थेंब तसेच बसून राहतील आणि तिथेच वाळतील. पाणी चादरीसारखे एकसंध ओघळणे, म्हणजे शीटिंग, हे कमी प्रतीचे लक्षण समजण्याची चूकही इथूनच होते. चादर ओघळून गेल्यावर मागे कोरडा रंग उरला, तर तो लेप उत्तम जलप्रतिसारक आहे. ओलसर पापुद्रा उरला, तर लेप संपला आहे किंवा मळाखाली झाकला गेला आहे.

थेंब बसून राहण्याची किंमत बोअरवेलचे जड पाणी वापरणाऱ्यांना चांगली ठाऊक असते. पसरलेले पाणी वाळले तर क्षार पातळ थरात विखुरतात, थेंब वाळला तर त्याच्या टेकलेल्या जागेपुरतेच एकवटतात आणि पांढरे गोल डाग पडतात. म्हणजे टपोरे थेंब उभे करणारा पण ते सोडून न देणारा लेप जड पाण्याच्या गावात काही प्रमाणात तोट्याचाच. थेंब भिंगासारखे काम करून रंग जाळतात, ही समजूत मात्र पटण्यासारखी नाही. पृष्ठभागाला टेकलेल्या थेंबातून गेलेले किरण पृष्ठभागाच्या बरेच खाली एकत्र येतात. झाडांच्या पानांवर हंगेरीतील संशोधकांनी केलेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही गुळगुळीत पाने थेंबांमुळे भाजली नाहीत. केसाळ पानांवर, जिथे थेंब पृष्ठभागापासून उचललेला राहतो, तिथेच तशी शक्यता दिसली.

टिकाऊपणा : मेण रंगाला केवळ भौतिक आकर्षणाने धरून राहते. द्रावक उडून गेले की पापुद्रा उरतो, तो पुसून चकाकी आणली जाते, यापलीकडे रंगाशी त्याचा रासायनिक संबंध जुळत नाही. सीलंटांत अमिनो गट जोडलेली सिलिकोने वापरतात. हे गट क्लिअर कोटच्या, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराच्या, ध्रुवीय पृष्ठभागाला पकडतात आणि काही सूत्रांत हवेतील ओलाव्याने साखळ्या एकमेकींशी जोडल्याही जातात. सीलंट दिल्यावर काही तास गाडी कोरडी ठेवायला सांगतात ते ही पकड व जोडणी पुरी व्हावी म्हणून. भर उन्हात काळ्या गाडीचे बॉनेट ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकते. एवढ्याने शुद्ध कार्नौबा वितळणार नाही, पण डबीतले मऊ मिश्रण ढिले पडते. सिलिकोनला त्या तापमानाचे विशेष काही होत नाही. मेण साबणाच्या रेणूंनी सुटते व तेलासारखे पाण्यात मिसळून वाहून जाते. सीलंटची साखळीही तीव्र अल्कधर्मी द्रावणापुढे कायमची टिकत नाही, मात्र ती मेणापेक्षा सावकाश हरते. उत्पादक मेणाला काही आठवडे ते दोन-तीन महिने आणि सीलंटला सहा महिने किंवा अधिक असे आयुष्य सांगतात. हे आकडे हवामानावर व धुण्याच्या पद्धतीवर इतके अवलंबून असतात, की ते एकमेकांच्या तुलनेपुरतेच घ्यावेत. कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकी मासिकाच्या एका तुलनेत तर उत्तम ठरलेल्या उत्पादनांचे संरक्षणही सुमारे पाच आठवड्यांत लक्षणीय उतरले होते, आणि घट्ट मेण द्रवरूप मेणाहून जास्त टिकते हा समजही तिथे खरा ठरला नाही. महाराष्ट्रातील शहरांत लेप झिजण्याचे आणखी एक कारण पावसाहून मोठे ठरते : सोसायटीच्या आवारात बादलीभर पाण्यात पिळलेल्या एकाच फडक्याने गाडी रोज पुसणे. मुंबईत वर्षाकाठी पडणारा दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच पडतो. धुळीचे फडके मात्र बाराही महिने फिरते आणि ते धुणे नसून घासणे असते.

आक्षेप : सामान्य मालकाकडे कोन मोजण्याचे उपकरण नसते, त्याने थेंब पाहू नयेत तर काय पाहावे, हा पहिला व रास्त आक्षेप. रंगाची जाडी मोजणारे यंत्रही इथे निरुपयोगी आहे, कारण ते साधारण मायक्रॉनच्या टप्प्याने वाचते आणि लेप त्याहून पातळ असतो. पण उपाय साधा आहे. बॉनेटवर कागदी टेप लावून तीन पट्टे करावेत : एकावर मेण, एकावर सीलंट आणि मधला कोरा. नंतर प्रत्येक वेळी मेण न मिसळलेल्या साध्या शाम्पूने धुऊन, खळखळून पाणी ओतून कोणता पट्टा आधी कोरडा होतो ते पाहावे. कोरा पट्टा आवश्यकच, कारण नवा क्लिअर कोट स्वतःही थोडेफार थेंब उभे करतो आणि त्याचे श्रेय लेपाला मिळते. दुसरा आक्षेप असा, की थेंब उभे राहणे थांबले म्हणजे पृष्ठभागाचे रसायन बदलले, मग लेप संपला म्हणण्यात चूक काय? रसायन बदलते हे खरे. पण पाण्याला फक्त सर्वांत वरचा थर दिसतो. धूळ, धूर आणि शाम्पूचा उरलेला अंश यांचा पातळ थर वर बसला तरी थेंब पसरतात, आणि नीट धुतल्यावर पुन्हा उभे राहतात. याच्या उलटही घडते : चकाकी देणारे घटक मिसळलेले शाम्पू आपलाच थर मागे सोडतात आणि कधीच निघून गेलेला लेप अजून जिवंत असल्याचा भास होतो. म्हणून मळकी गाडी आणि चकाकीचा शाम्पू, दोन्ही टाळल्याशिवाय केलेली तुलना ग्राह्य धरू नये. अमेरिकी एएसटीएम संस्थेच्या मोटार-पॉलिशविषयक डी ३८३६ या पद्धतीतही थेंब व टिकाऊपणा यांचा विचार आहे.

टेफ्लॉन : काही लेपांत असल्याचे सांगितले जाणारे बहुवारिक, म्हणजेच पीटीएफई. ते ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे गाडीच्या रंगावर त्याचे कण एकजीव होऊन थर बनणे शक्य नाही.

सिरॅमिक लेप : सिलिका किंवा पॉलिसिलाझेनपासून बनणारे, सीलंटहून अधिक टिकणारे लेप. जाहिरातीतील ‘९एच’ ही पेन्सिलीच्या कठीणतेची श्रेणी आहे, खनिजांच्या मोह मापनाची नव्हे.

उपयोजन : उघड्यावर उभी राहणारी, शाम्पूने वरचेवर धुतली जाणारी गाडी असेल तर सीलंट निवडावे. मेण छपराखालच्या, क्वचित बाहेर पडणाऱ्या गाडीसाठी योग्य आहे; चकाकीच्या खोलीत ते सरस असल्याचे पुष्कळ जण मानतात. दोन्ही द्यायची असल्यास आधी सीलंट द्यावे आणि ते पूर्ण वाळल्यावर मेण द्यावे. उलट क्रमाने दिल्यास सीलंटची पकड रंगावर न बसता मेणावर बसते आणि मेणाबरोबर तेही निघून जाते.