पुरुमेंत : चार महिन्यांचा संसार

मे महिना अर्धा सरला की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. सुक्या सुंगटांचे ढीग, खाऱ्या बांगड्यांच्या चळती, मिरच्यांची पोती, कांद्यांच्या माळा, काळीभोर सोलां, पेडण्याकडचे जाडे मीठ. नाकात एकाच वेळी दहा वास शिरतात. गेल्या मे महिन्यात मी तिथे उभा होतो. बरोबर आई होती. एका माळेचा भाव ऐकून मी म्हणालो, "एवढे कशाला घ्यायचे? लागेल तसे आणूया की." आई काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे बघितले. त्या बघण्याचा अर्थ मला घरी आल्यावर हळूहळू कळला, आणि म्हणून हा लेख.

पुरुमेंत हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की तो आपला नाही हे लक्षातही येत नाही. पोर्तुगीज भाषेतल्या 'प्रोव्हिमेंतु' या शब्दाचे हे आपल्या तोंडातले रूप. अर्थ साधा, पुरवठा किंवा साठा. मराठीत आपण त्याला पावसाळ्याची बेगमी म्हणतो. ख्रिस्ती बांधवांच्या उन्हाळ्यातल्या फेस्तांभोवती या वस्तूंचा बाजार भरू लागला, आणि मडगावच्या फेस्ताला तर पुरुमेंताचे फेस्त हेच नाव पडले. हिंदू घरांनी तोच बाजार आणि तोच शब्द उचलला. फेस्त त्यांचे, सुंगटे सगळ्यांची!

शब्द पोर्तुगीज असला तरी गरज त्याच्याही आधीची. गोव्याचा पाऊस जूनमध्ये दार बंद करतो ते गणपतीच्या सुमारास किलकिले करतो. मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळ, पावसाळ्यात वाळूचा बांध साचतो आणि गलबतांची वाट बंद होते. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली ठेवल्या जात. घाटवाटा निसरड्या, ओढे भरलेले, आणि त्या काळी पूल मोजकेच. त्यात गोव्याचे भात गोव्याला वर्षभर कधी पुरले नाही, तांदूळ बाहेरून येत आला. म्हणजे जे खायचे ते दार बंद व्हायच्या आत घरात हवे.

आता या बेगमीत काय काय असे ते बघा. उकडा तांदूळ, कुळीथ, मीठ, मिरच्या, सोलां, चिंच, माडाचा गूळ, घाण्यावरचे खोबरेल. बुयांवात खाऱ्या पाण्यातली तोरां. फणसाच्या बिया लाल मातीत घोळवून कोपऱ्यात रचलेल्या. फणसाचे पापड, आंब्याची साठां. माडाचे तर काहीच वाया जात नसे. चुडते विणून मातीच्या भिंतींना पावसाची झड लागू नये म्हणून बांधायची, हिरांची झाडणी, सोडणे चुलीला, काथ्याची दोरी, करवंटीची दवली. आणि पाऊस पडला की तायकिळो, कुड्डुक, किल्ल, आळमी या फुकटच्या भाज्या. पेज आणि तोर हे जेवण गरिबीचे म्हणून आपण नाक मुरडतो, पण ते आधी चार महिन्यांच्या गणिताचे उत्तर होते. ज्या दिवशी वस्तू सर्वांत जास्त पिकते आणि सर्वांत स्वस्त असते त्या दिवशी ती घ्यायची, आणि जेव्हा ती मिळत नाही किंवा महाग होते तेव्हा बाजाराकडे पाठ करायची. सगळी काटकसर एवढ्यातच आली.

मिठाचेच उदाहरण घेऊ. आपल्याकडे मिठागरे शेकडो वर्षांची. पण १८७८ साली ब्रिटिश आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला. मुरगाव बंदर आणि रेल्वे या करारामुळे आली, १८८८ साली कॅसलरॉकवरून गाडी धावू लागली. त्या बदल्यात गोव्यातल्या मिठाचे उत्पादन ब्रिटिश हिंदुस्थान सरकारच्या नियंत्रणाखाली गेले आणि पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये भरपाई ठरली. सरकारांचा हिशेब जुळला, पण दारातल्या आगराचे मीठ परक्याच्या हुकुमाखाली गेले आणि कित्येक मिठागरे ओस पडली. १८९२ मध्ये करार संपला. बारा वर्षे अमलात होता. घरखर्च केवळ घरात ठरत नाही, तो कुठेतरी दूर टेबलावरही ठरतो, हे आपल्या पणजी-खापरपणजीने मिठाच्या मडक्यात हात घालताना अनुभवले असेल.

दुसरा धडा आमच्या आजीच्या आयुष्यातला. १९५४ साली दादरा आणि नगर हवेली मुक्त झाली, गोव्याच्या मुक्तीचा लढा तापला आणि भारत सरकारने गोव्याभोवती आर्थिक निर्बंध आवळले. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला, त्यानंतर सीमा आणखी बंद झाली. कॅसलरॉकची रेल्वे थांबली, बेळगावची भाजी आटली, मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरी बंद झाल्या. सालाझारच्या सरकारने हार मानली नाही. खनिजाची निर्यात वाढत होती, त्या पैशावर हॉलंडचे बटाटे, पाकिस्तानचा तांदूळ, सिलोनचा चहा बोटींनी मुरगावला उतरला. परदेशी घड्याळे आणि कापड सुद्धा आले. म्हणून त्या काळाच्या आठवणी दोन तऱ्हेच्या ऐकू येतात. ज्यांच्या हातात पैसा होता ते म्हणतात, "कसली टंचाई? सगळे मिळत होते." ज्यांचा संसार मुंबईच्या मनीऑर्डरीवर होता ते वेगळे सांगतात.

आमचे घर दुसऱ्या गटातले. आजोबांचे थोरले भाऊ मुंबईत गिरणीत होते, त्यांचे पैसे आले की पुरुमेंत भरायचे असा रिवाज. मनीऑर्डर बंद झाल्यावर पहिलाच मे महिना आला. आजी सांगायची, तिने हातातली एक पाटली गहाण टाकली आणि तांदूळ, मिरच्या, सुके मासे एकदम भरले. शेजारणी म्हणाल्या, "मे महिन्यात सोने गहाण टाकते, वेडी आहे." आजीचे उत्तर असायचे, "श्रावणात टाकले असते तर तेवढ्याच सोन्याला अर्धाच तांदूळ आला असता." अर्धा की पाऊण कोण जाणे, आजीला हिशेबाची वही कधी माहीत नव्हती. पण मुद्दा तिला पक्का कळला होता. १९५९ च्या जानेवारीत रुपिया जाऊन एस्कुदो आला, एका रुपियाचे ६ एस्कुदो. आजी म्हणायची, नाणे बदलले तरी पायली तीच!

या गोष्टीचा दुसरा भाग ती क्वचित सांगायची. आमच्या भाटात एक मुंडकार कुटुंब होते. त्या घरच्या बाईकडे ना मनीऑर्डर होती, ना पाटली. मे महिन्यात तिच्या हातात रोख काही नसे, म्हणून स्वस्ताईचा बाजार तिच्यासमोरून निघून जाई. पाऊस ऐन भरात आला की ती सूप घेऊन मागच्या दारी येई, तांदूळ उसना नेई, आणि कापणीनंतर वाढीव मापाने परत करी. आजी ते वाढीव माप घेत असे. तशीच रीत होती, ती म्हणायची, आणि मग गप्प बसायची.

इथे मला थांबावेसे वाटते. जुनी माणसे काटकसरी होती, आपण उधळे झालो, असे आपण सहज बोलून जातो. पण पुरुमेंत करायला आधी गाठीला पैसा लागतो, ठेवायला कोरडी खोली लागते, आणि वाळवायला, राखायला, उंदीर-मुंगीपासून वाचवायला घरातल्या बायकांचे हात लागतात. ज्याच्याकडे यातले काहीच नाही त्याला प्रत्येक वस्तू थोडी थोडी आणि महाग घ्यावी लागते. आमच्या घरच्या काटकसरीत त्या मुंडकार बाईचे वाढीव मापही मिसळलेले होते. मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला, १९७५ चा मुंडकार कायदा आला. त्या कायद्यांची कागदपत्रे माझ्यासारखे कारकून फायलींत बघतात. फाईल हातात आली की मला मागच्या दारचे ते सूप आठवते.

आता गंमत बघा. आज गॅस आहे, फ्रीज आहे, चोर्ल्याच्या घाटातून रात्रीत बेळगावची भाजी येते, फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर ती सवलतीत मिळते. मासेमारी बंदीचे १ जून ते ३१ जुलै हे दोन महिने सोडले तर ताजी मासळीही आहे. दार आता बंद होत नाही. तरी महिन्याच्या वीस तारखेनंतर माझा खिसा हलका. गेल्या वर्षी मी कचेरीतल्या सवयीने घरची बिले एका फाईलीत लावून बघितली. छोटी पाकिटे, छोट्या बाटल्या, संपले की आण, आणि प्रत्येक खेपेला यादीत नसलेली दोन वस्तू. आजीच्या भाषेत सांगायचे तर बारा महिने मी श्रावणातच खरेदी करत होतो. माझ्याकडे पगार असताना!

म्हणून यंदा आईबरोबर पुन्हा गेलो. मिरच्या, सोलां, मीठ, कुळीथ, कांदे, सुकी सुंगटे वर्षाच्या हिशेबाने घेतली. वाळवायला आणि निवडायला मीही बसलो, कारण पैसे मी वाचवायचे आणि कंबर आईची मोडायची ही कसली काटकसर? आमच्याकडे घरकाम करणाऱ्या बाईंना विचारले, "पुरुमेंत भरले?" त्या हसल्या, "मे महिन्यात पैसे कुठे असतात?" मग त्यांचा पावसाळ्यातल्या दोन महिन्यांचा पगार मे महिन्यातच आगाऊ दिला. व्याज नाही, वाढीव माप नाही.

आईला हे सांगितले तेव्हा तिने पुन्हा तसेच बघितले. मग कांद्याची एक माळ काढून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "ही पण दे त्यांना."