आभासी उड्डाण आणि संगणकाची राखण : गृहसंगणकासाठी अँटिव्हायरसच्या निवडीचा इतिहास (विशेष संदर्भ : इन्सुली परिसर)

प्रस्तावना

सावंतवाडी तालुक्यातील इन्सुली हे गाव मुंबई–गोवा महामार्गावर, बांद्यालगत व गोव्याच्या सरहद्दीजवळ वसलेले आहे. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या तपासणी नाक्यामुळे या गावाचे नाव जिल्ह्याबाहेरही परिचित आहे. अलीकडच्या काळात या परिसराच्या दोन बाजूंना दोन विमानतळ उभे राहिले. वेंगुर्ले तालुक्यातील चिपी विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले, तर पेडणे तालुक्यातील मोपा विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून उड्डाणे सुरू झाली. तत्पूर्वी येथील मुलांना विमान दिसे ते आकाशात फार उंचावर, किंवा एखाद्या घरातील संगणकाच्या पडद्यावर. पडद्यावरच्या त्या विमानाने घरात एक नवा प्रश्नही आणला. संगणकाची राखण कोणावर सोपवावी, हा तो प्रश्न होय. उड्डाण-सिम्युलेटरसाठी वापरल्या जाणाऱ्या गृहसंगणकावर अँटिव्हायरसची निवड कोणत्या निकषांवर होत गेली आणि ते निकष का बदलले, याचा ऐतिहासिक आढावा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

उड्डाण घरात आले

ब्रूस आर्टविक यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस ॲपल संगणकासाठी उड्डाणाची आज्ञावली तयार केली. त्यांच्याच कामाच्या आधारे मायक्रोसॉफ्टने १९८२ मध्ये आयबीएमच्या व्यक्तिगत संगणकासाठी ‘फ्लाइट सिम्युलेटर’ची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. ही आज्ञावली संगणकाकडून इतके काम करवून घेई, की नव्याने बाजारात आलेला संगणक आयबीएमशी खरोखर जुळतो किंवा नाही हे पडताळण्यासाठी तिचाच उपयोग केला जात असे. म्हणजेच यंत्राची शक्ती पूर्णपणे वापरणे हा या छंदाचा मूळ स्वभाव आहे, आणि पुढील विवेचनात ही बाब महत्त्वाची ठरते.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात संगणक घरोघरी पोहोचू लागला तो २००० नंतर. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणकाचे आकर्षण तालुक्याच्या गावांपर्यंत नेले. राइट बंधूंच्या उड्डाणाच्या शताब्दीनिमित्त २००३ मध्ये आलेली ‘फ्लाइट सिम्युलेटर २००४’ ही आवृत्ती चार तबकड्यांत मिळत असे. मूळ संच विकत घेणे अनेकांच्या आवाक्याबाहेरचे असल्याने या तबकड्यांच्या नकला मित्रांमित्रांत फिरत राहिल्या.

तबकडीतून आलेला पाहुणा

संगणक-विषाणूचा इतिहास हा मुख्यतः उसनवारीचा इतिहास आहे. आयबीएमच्या व्यक्तिगत संगणकावर प्रथम पसरलेला ‘ब्रेन’ हा विषाणू १९८६ मध्ये लाहोर येथील दोन बंधूंनी तयार केला. तो फ्लॉपीच्या आरंभखंडात दडून एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जाई. तैवानमध्ये निर्माण झालेल्या ‘सीआयएच’ या विषाणूने २६ एप्रिल १९९९ रोजी असंख्य संगणकांतील माहिती पुसून टाकली आणि काही यंत्रे तर सुरूच होऊ शकली नाहीत. पुढे पेन-ड्राइव्ह आला, आणि तो जोडताच त्यातील आज्ञावली आपोआप चालविण्याची विंडोजमधील सोय विषाणूंच्या पथ्यावर पडली.

त्या काळी इन्सुलीसारख्या गावात आंतरजाल टेलिफोनच्या तारेवरून येई आणि पावसाळ्यात तार तुटली की बंद पडे. म्हणून धोका आंतरजालापेक्षा उसन्या तबकडीतून अधिक संभवत असे. अँटिव्हायरस विषाणूला त्याच्या ओळखखुणांवरून पकडतो आणि या ओळखखुणांची यादी सतत अद्ययावत करावी लागते. जेथे जोडणीच मंद होती, तेथे ही यादी कशी आणायची हाच निवडीचा पहिला निकष ठरला.

पुण्यातील पर्याय

या गरजेला महाराष्ट्रातूनच एक उत्तर मिळाले. पुण्यात कॅल्क्युलेटर व संगणक दुरुस्तीचा व्यवसाय करणारे कैलास काटकर आणि संगणकशास्त्राचे विद्यार्थी असलेले त्यांचे धाकटे बंधू संजय काटकर यांनी ‘क्विक हील’ ही आज्ञावली विकसित केली. त्यांच्या ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ची कंपनी म्हणून नोंदणी १९९५ मध्ये झाली. २००७ मध्ये तिचे नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज असे झाले आणि २०१६ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात नोंदविले गेले. दुरुस्तीसाठी येणारे संगणक विषाणूंनी बिघडलेले असत, या प्रत्यक्ष अनुभवातून ही निर्मिती झाली, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. या आज्ञावलीच्या अद्ययावत नोंदी दुसऱ्या ठिकाणी उतरवून पेन-ड्राइव्हमधून घरी आणता येत असत. ग्रामीण ग्राहकाला ही सोय, आणि अडचण आल्यास गाठता येईल असा जवळचा दुकानदार, या दोन गोष्टी जाहिरातीतील दाव्यांपेक्षा अधिक मोलाच्या वाटल्या तर नवल नाही.

वेग की सुरक्षितता?

उड्डाण-सिम्युलेटर वापरणाऱ्याची अडचण मात्र वेगळी होती. विमान पुढे सरकते तशी सिम्युलेटर भूभाग, इमारती, धावपट्ट्या व आकाश यांच्या हजारो फाइली उघडत जातो. अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडताना तिची तपासणी करतो. परिणामी नेमके धावपट्टीवर उतरताना दृश्य अडखळते. शिवाय हौशी मंडळींनी तयार केलेली विमाने व उपकरणे यांवर अधिकृत स्वाक्षरी नसल्याने ती निर्दोष असूनही संशयित ठरतात. यातूनच ‘बसविताना अँटिव्हायरस बंद ठेवा’ ही सूचना या छंदाच्या जगात रूढ झाली.

या सूचनेची किंमत प्रस्तुत लेखकाने शालेय वयात अनुभवली आहे. २००५ च्या सुमारास घरी कर्जाऊ रकमेतून घेतलेल्या संगणकावर मित्राकडून आणलेल्या चार तबकड्या बसविण्यात आल्या. सोबतच्या चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे अँटिव्हायरस बंद केला गेला आणि पुन्हा सुरू करावयाचा राहिला. त्या रात्री दाबोळीच्या धावपट्टीवरून विमान अगदी सुरळीत उडाले. आठवड्याभरात संगणक सुरू होईनासा झाला. वडिलांनी दोन हंगाम टंकून ठेवलेला काजूचा हिशेब आणि बहिणीच्या लग्नाची छायाचित्रे परत मिळाली नाहीत. वडिलांनी कोणाला बोल लावला नाही. पुढील हंगामापासून त्यांनी हिशेब पुन्हा वहीत लिहावयास घेतला, आणि ती वही आजही चालू आहे.

मोफत राखणीचे मोल

याच दशकात अव्हास्ट व एव्हीजी या मूळच्या चेक प्रजासत्ताकातील आज्ञावली घरगुती वापरासाठी मोफत मिळू लागल्या. ‘हलकी’ व ‘विनामूल्य’ या दोन गुणांमुळे सिम्युलेटर वापरणाऱ्यांचा ओढा तिकडे जाणे स्वाभाविक होते. परंतु मोफत राखणदार आपला चरितार्थ कशावर चालवितो, हा प्रश्न तेव्हा क्वचितच विचारला गेला. अव्हास्टकडील वापरकर्त्यांच्या आंतरजालावरील वावराची माहिती ‘जंपशॉट’ या तिच्या उपकंपनीमार्फत विकली जात असल्याचे २०२० मध्ये उघड झाले. ती उपकंपनी बंद करण्यात आली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अव्हास्टवर १ कोटी ६५ लाख डॉलरची आकारणी केली.

दरम्यान मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये स्वतःचा मोफत अँटिव्हायरस दिला आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून तो प्रणालीतच अंतर्भूत केला. त्यामुळे ‘कोणता अँटिव्हायरस घ्यावा?’ या प्रश्नाची धार बरीचशी बोथट झाली. त्याची जागा अधिक कठीण प्रश्नाने घेतली : तपासणीतून सूट कोणाला द्यावी?

विश्वासाची कसोटी

या प्रश्नाचे गांभीर्य फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट झाले. फ्लाइट सिम लॅब्स या कंपनीच्या ए-३२० विमानाच्या पूरक आज्ञावलीत, क्रोम ब्राउझरमध्ये साठविलेले परवलीचे शब्द काढून घेणारी एक फाइल आढळली. ती केवळ चोरीच्या प्रती वापरणाऱ्यास पकडण्यासाठी होती, असा कंपनीचा खुलासा होता. टीकेनंतर ती काढून टाकण्यात आली. तथापि प्रामाणिकपणे पैसे मोजणाऱ्या ग्राहकाच्या संगणकातही बसविण्याच्या वेळी ती फाइल उतरत होती. म्हणजे २००५ मधील धोका नकली तबकडीत होता, तर २०१८ मधील धोका रीतसर विकत घेतलेल्या मालात होता.

राखणदारही निर्दोष नसतो, याचा प्रत्यय १९ जुलै २०२४ रोजी आला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक ठप्प झाले. असंख्य उड्डाणे रद्द झाली आणि भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. घरातील आभासी विमान अडखळविणाऱ्या आज्ञावलीच्या जातकुळीतील एका आज्ञावलीने त्या दिवशी खरी विमाने जमिनीवर खिळविली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, अँटिव्हायरसच्या निवडीचा निकष अद्ययावतीकरणाची सोय, मग वेग, मग किंमत आणि अखेरीस विश्वास असा बदलत गेला. आज उड्डाण-सिम्युलेटरसाठी संगणक वापरणाऱ्या कुटुंबाला प्रणालीतील अंतर्भूत संरक्षण, ते नियमित अद्ययावत ठेवल्यास, बहुतांशी पुरेसे ठरते. दृश्य अडखळत असेल, तर केवळ भूभागाच्या फाइलींच्या फोल्डरला तपासणीतून सूट द्यावी. संपूर्ण अँटिव्हायरस बंद करू नये, आणि नव्याने उतरविलेली फाइल सूट दिलेल्या फोल्डरात प्रथम ठेवू नये. सिम्युलेटरसाठी मर्यादित अधिकारांचे वेगळे खाते असावे. बँकेचे व्यवहार शक्यतो त्या यंत्रावर करू नयेत. घरच्या हिशेबाची व छायाचित्रांची एक प्रत संगणकापासून वेगळी ठेवावी.

इन्सुलीच्या नाक्यावर वाहन थांबले की प्रवाशाला वेळ दवडल्यासारखा वाटतो. मात्र नेहमीच्या मालाखाली दडविलेली दारू तेथेच सापडते, हेही परिसरातील लोक जाणतात. ओळखीच्या गाडीलाही तपासणी चुकू नये, हा नाक्याचा नियम घरातील संगणकालाही लागू पडतो. आभासी विमान क्षणभर अडखळले तर पुन्हा उडविता येते, पुसला गेलेला हिशेब मात्र परत येत नाही.